फटाक्यांची वकिली

आश्विन सरत आला कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत फटाक्यांचा वाद दर वर्षीं नेमानें उपस्थित होतो, आणि भाऊबीज उलटली कीं तितक्याच नेमानें मावळतो. रस्त्यावरच्या लाल कागदाच्या चिंध्या झाडून नेल्या, म्हणजे त्यांबरोबर वादही निघून जातो. म्हणून आम्ही तो सणाच्या गडबडीबाहेर, शांतपणें मांडण्याचें योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. शहरांतील फटाक्यांची विक्री कायद्यानें अजिबात बंद झाली पाहिजे. वेळेची मर्यादा, 'हरित' फटाके, सौम्य उपदेश हे सर्व उपाय करून झाले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा धूर त्यांनीं हटलेला नाहीं.

फटाक्यांच्या वकिलांचा पहिला मुद्दा धर्माचा. फटाक्यांवांचून दिवाळी कसली, असें ते विचारतात, आणि आधार म्हणून उल्कादानाकडे बोट दाखवितात. परंतु उल्कादान म्हणजे पितरांना वाट दिसावी म्हणून हातीं धरलेली चूड. तींत प्रकाश आहे, स्फोट नाहीं. स्फोटाला दारू लागते, आणि ती चीनमधून जगभर पसरलेली वस्तु आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १४०० ते १९०० या काळांतील हिंदुस्थानच्या शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला. तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राला ही दारू फार नवी होती असें नव्हे. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरांतही लग्नसोहळ्याच्या वर्णनांत ती आहे. पण दिवाळीपुरतें पाहिलें तर पेशव्यांच्या बखरींतील हकीगत बोलकी आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचें वर्णन ऐकवितात: तेथील राजा नगराबाहेर 'दारूची लंका' रचून ती जाळतो. तें ऐकून पेशव्यांनीं तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशीं करविला. जी गोष्ट खुद्द पेशव्यांना नवलाईची वाटली, ती आमच्या आळींतील प्रत्येक ओट्यावर अनादि कालापासून चालत आली आहे, हें म्हणणें इतिहासाला धरून नाहीं. शिवाय ती लंका जळली ती नगराबाहेर, मोकळ्या जागीं. कोणाच्या आजाऱ्याच्या खिडकीखालीं नव्हे. दिवाळी हा दिव्यांचा सण. दारू हा मागाहून आलेला पाहुणा. पाहुण्यानें घरच्या माणसांचा श्वास कोंडावा, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

दुसरा मुद्दा तुलनेचा. मोटारी वर्षभर धूर ओकतात, बांधकामांची धूळ उडते, पंजाब-हरियाणांत भाताचे खुंट जाळतात. मग चार रात्रींच्या फटाक्यांवरच डोळा कां? यांतील वस्तुस्थिति आम्हांला मान्य आहे. वर्षाच्या हिशेबांत फटाक्यांचा वांटा लहानच भरेल. परंतु माणूस वर्षाच्या सरासरीनें श्वास घेत नाहीं. तो त्या त्या रात्रींच घेतो. कार्तिकाच्या तोंडाशीं रात्री थंड व निवांत असतात. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची ऊन असली म्हणजे धूर वर चढत नाहीं, माणसांच्या उंचीवरच कोंडून राहतो. आणि हा धूर साध्या चुलीचा नव्हे. हिरवी ठिणगी बेरियमची, तांबडी स्ट्रॉन्शियमची, पांढरा लखलखाट ॲल्युमिनियमचा. गंधक आणि सोरा हे तर जुनेच सोबती. फुप्फुसांत खोल उतरणाऱ्या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशानें दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती १५ वर आणली. आमच्या शहरांची हवा हिंवाळ्यांत आपल्या स्वतःच्या सढळ मर्यादेंतही पुष्कळदां बसत नाहीं. अशा हवेंत वर फटाके, म्हणजे आधींच उल्हास, त्यांत फाल्गुनमास! मोटारींचा धूर कमी करावा, हें खरें; पण तो कमी होईतोंवर दुसरा धूर घालीत राहावें, हा कोणता न्याय?

तिसरा मुद्दा पोटाचा, आणि तोच आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. तामिळनाडूंतील शिवकाशीच्या कोरड्या प्रदेशांत हजारों कुटुंबें या धंद्यावर जगतात. परंतु त्यांच्या नांवानें गळा काढणाऱ्यांनीं ५ सप्टेंबर २०१२ ची आठवण करावी. त्या दिवशीं शिवकाशीजवळच्या एका कारखान्यांतील स्फोटांत पस्तीसांहून अधिक माणसें दगावलीं. आणि त्या भागांतले असले अपघात तेवढ्यानें थांबले नाहींत. ज्यांच्या जिवाची काळजी आम्हांला वर्षभर वाटत नाहीं, त्यांच्या रोजीची आठवण नेमकी फुलबाज्या घेतांनाच व्हावी, यांत आम्हांला करुणा कमी आणि सोय अधिक दिसते. या कामगारांना दुसरा उद्योग देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, आणि बंदीच्या खर्चांत ही रक्कम आधीं धरली पाहिजे.

आतां मधल्या मार्गाविषयीं. २०१८ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें दिवाळीला रात्रीं आठ ते दहा ही वेळ नेमून दिली, लांब माळा व बेरियमचे क्षार वर्ज्य केले, आणि केवळ हरित फटाक्यांना मुभा ठेविली. हे हरित फटाके नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या पुढाकारानें तयार झाले; त्यांतून सुमारें ३० टक्के कण कमी निघतात, असा दावा आहे. तो खरा धरला तरी ७० टक्के उरतातच, आणि 'हरित' म्हणून गिऱ्हाइकानें दीडपट घेतले कीं हिशेब पुनः मूळपदावर. शिवाय रात्रीं अंधारांत उडणारा फटाका हरित कीं साधा, हें एकट्या शिपायानें ओळखावें कसें? मुंबई उच्च न्यायालयानेंही २०२३ सालीं आठ ते दहा हीच वेळ ठरविली होती. त्या रात्रीं दहानंतर कान उघडे असलेल्या मुंबईकराला परिणाम सांगावयास नको.

कोणी म्हणतील, दिल्लींत पूर्ण बंदीही झाली; तिचें काय झालें? ती मोडली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती कशी घातली हेंही पाहावें. २०१७ सालीं विक्रीबंदीचा हुकूम ९ ऑक्टोबरला निघाला आणि दिवाळी होती १९ ला! माल आधींच ठिकठिकाणीं येऊन पडलेला. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत दिल्ली सरकारनें बारमाही बंदी केली, तर २०२५ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें हरित फटाक्यांना पुनः वाट करून दिली. दर वर्षीं पालटणाऱ्या नियमाला व्यापारी भीत नाहीं. तो वाट पाहतो. बंदी हवी ती कारखान्यापाशीं व घाऊक बाजारांत, दोन वर्षें आधीं जाहीर करून; मुलाच्या हातांतील उदबत्तीपाशीं नव्हे.

येथें आम्हांला स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं आमच्या वडील भगिनी, आमच्या अक्का, दम्यानें बेजार होऊन आतल्या खोलींत बसल्या होत्या. खिडक्या लावल्या होत्या, दाराच्या फटींत ओलीं फडकीं कोंबलीं होतीं. खालीं अंगणांत उडत होते ते फटाके आम्हींच आणलेले, पुतण्यांचा हिरमोड होऊं नये म्हणून. मध्यरात्रीं अक्कांना रुग्णालयांत न्यावें लागलें. वाटेंत त्या एवढेंच म्हणाल्या, "पोरांना रागावूं नकोस." पोरांना रागावण्याजोगें कांहीं नव्हतेंच, पैसे आम्ही दिले होते. अक्का चार दिवसांनीं घरीं आल्या. आमच्या घरीं त्यानंतर फटाका आला नाहीं. पण शेजारचा धूर आमच्या निश्चयाला विचारून येत नाहीं. हवा सर्वांची एकच असल्यामुळें एकट्याचा संयम येथें पुरा पडत नाहीं, आणि म्हणूनच आम्ही कायदा मागतों.

ज्यांना शक्य आहे ते दिवाळींत गांव सोडून डोंगरावर जातात. रस्त्यावर झोपणारा, नाक्यावर उभा असलेला शिपाई, पहाटे झाडू घेऊन येणारी बाई यांनीं कोठें जावें?

२०१५ सालीं दिल्लींतील तीन तान्ह्या बालकांच्या नांवानें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज झाला होता: आम्हांला श्वास घेऊं द्या. त्यांतलें एकही तेव्हां दीड वर्षांचें नव्हतें. तीं बालकें आतां शाळेंत जाऊं लागलीं आहेत, आणि त्यांच्या अर्जाचा पुरा निकाल आम्ही मोठीं माणसें अजून लावूं शकलेलों नाहीं.