‘डी’ की ‘एन’? ऑटोमॅटिक गाडीचा खरा प्रश्न मायलेजचा नाही

एमएच-३८ पासिंगच्या नव्या गाड्यांत आता ऑटोमॅटिक बऱ्यापैकी दिसायला लागल्यात. त्यासोबत एक वादही आलाय. नांदेडला सिग्नलवर किंवा आपल्याकडे रेल्वे फाटकावर गाडी थांबली की गिअर ‘डी’तच ठेवायचा की ‘एन’ला टाकायचा? एक गट म्हणतो, एनला टाका, पेट्रोल अन् क्लच दोन्ही वाचतं. दुसरा म्हणतो, सारखं टाकलं-काढलं तर गिअरबॉक्सची वाट लागते.

मला विचाराल तर हे भांडणच चुकीच्या गोष्टीवर चाललंय.

आधी गाडीचं बघू. आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक बहुतेक एएमटी आहेत. २०१४ ला सेलेरिओपासून ही पद्धत सामान्य माणसाच्या बजेटमध्ये आली. यात क्लच अन् गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी मशीन करतं. ब्रेक पूर्ण दाबून गाडी उभी असली की डीमध्येही क्लच सुटलेलाच असतो. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला एन टाकून क्लचचं फार काही वाचत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. ती डीमध्ये थोडी पुढे रेटत राहते, पण ती त्यासाठीच बनवलेली आहे.

क्लच जळतो तो वेगळ्याच सवयींनी. श्रावण सोमवारी औंढ्याच्या रस्त्यावर ब्रेक अर्धवट सोडून गाडी तासभर इंच-इंच सरकवणं ही एक. पुलाच्या चढावर ब्रेकऐवजी एक्सलेटरवर गाडी तोलून धरणं ही दुसरी. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच हला. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा.

आता पेट्रोल. छोट्या गाडीचं इंजिन उभ्या उभ्या तासाला ढोबळमानाने अर्धा ते एक लिटर पितं, म्हणजे मिनिटाला ८ ते १७ मिली. एन टाकून त्यातला थोडासाच भाग वाचणार. फाटकावर दहा मिनिटं थांबायचं असेल तर सरळ इंजिन बंद करा, सगळंच वाचेल. दिल्लीत २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम निघाली, त्यातही सांगणं इंजिन बंद करण्याचंच होतं.

मग खरा प्रश्न कुठला? ब्रेकवरचा पाय. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये असेल अन् पाय सुटला तर बहुतेक गाड्या आपोआप पुढे सरकतात. साधी गाडी गिअरमध्ये असताना क्लच सोडला तर बंद पडते, ही पडत नाही. समोर मोटारसायकलवर बाई लेकराला घेऊन बसलेली असते. आपण मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घ्यायला वळतो, मोबाईल बघतो, पाय ढिला पडतो. तेवढं पुरेसं आहे.

त्याहून वाईट म्हणजे फाटक पडलेलं, एसी चालू, लेकरं आत, अन् ड्रायव्हर पाण्याची बाटली आणायला खाली उतरलेला. बऱ्याच एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतोच. एन टाकलं अन् हँडब्रेक ओढला नाही तर उतारावर गाडी निघाली. डीमध्ये राहिली अन् आतल्या पोराने एक्सलेटरला पाय लावला तर काय होईल, सांगायची गरज नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ याच्यासाठीच आहे. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर सीटवर लायसन्सधारक पाहिजे, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी सोय केलेली पाहिजे.

पण हे शिकवतंय कोण? कायद्यात गिअर नसलेल्या दुचाकीचं लायसन्स वेगळं अन् गिअरवालीचं वेगळं आहे. कारला मात्र एकच एलएमव्ही. नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये २१ दिवस अन् प्रत्यक्ष गाडीवर किमान १० तास प्रशिक्षण पाहिजे. त्यात ऑटोमॅटिकचा एक तासही सक्तीचा नाही. माणूस शिकतो क्लचच्या गाडीवर अन् शोरूममधून थेट ऑटोमॅटिक घरी आणतो. दहा मिनिटांचं समजावणं, चावी अन् पेढे.

वेगळं लायसन्स काढा असं मी म्हणत नाही, लोकांना आणखी एक चक्कर नको. पण या १० तासांतला एक तास ऑटोमॅटिकवर द्यावा. आपल्या आरटीओने रस्ता सुरक्षा कार्यक्रमात हेल्मेट-सीटबेल्टसोबत हा विषयही घ्यावा. अन् विक्रेत्याने गाडी देताना हँडब्रेक, ‘एन’ अन् ‘पी’ ग्राहकाकडून स्वतः करून घ्यावं.

तोपर्यंत माझा हिशोब सोपा आहे. छोटा थांबा असेल तर डी अन् ब्रेक पूर्ण दाबून. मिनिटाच्या वर जाणार असेल तर एन अन् हँडब्रेक. निघताना ब्रेकवर पाय ठेवूनच डी टाका, एक्सलेटरवर नाही. फाटक पडलं तर इंजिन बंद. अन् सीट सोडायची असेल तर चावी खिशात, मग खाली पाय. बाकी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका, माझं नाही.

घरात नवीन ऑटोमॅटिक आली असेल तर चालवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना अन् नवशिक्यांना, हे मोकळ्या मैदानात एकदा करून दाखवा. पेट्रोलचा हिशोब नंतर करू.