परिचिताची पहिली हेरकथा

हेरकथांत वेळ दवडूं नये, असें आम्ही वर्गांत आजवर सांगत आलों. आणि गेल्या नाताळच्या सुटींत तसलीच एक आम्हीं दोन रात्रींत वाचून संपविली, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें कबूल करणें भाग आहे. ग्रंथकार आमच्या परिचयाचे; त्यांचें हें पहिलेंच पुस्तक. (नांव देत नाहीं, या पानांतून जाहिरात करण्याची वहिवाट नाहीं.)

परिचिताचें पुस्तक हातीं येणें हें एक संकटच. आवडलें नाहीं तर खरें बोलण्याचें धैर्य लागतें, आणि आवडलें तर तें स्नेहामुळें कीं काय, अशी शंका येते. पहिलीं तीसचाळीस पानें आम्हांस लेखकाचाच आवाज ऐकूं येत होता. पुढें तो गेला. एका सरहद्दीच्या स्टेशनावर नायक गाडीची वाट पाहत आहे, आणि समोरच्या बांकावरील गृहस्थ वर्तमानपत्राचें पान बराच वेळ उलटीत नाहीं. इतकेंच तेथें घडतें. आमचा चहा मात्र निवून गेला.

जॉन ल कॅरे यांनीं आपली पहिली कादंबरी, ‘कॉल फॉर द डेड’, ब्रिटिश गुप्तहेर खात्यांत नोकरीस असतांना लिहिली. ती १९६१ सालीं निघाली. तिचा नायक बुटका, स्थूल आणि अबोल आहे. आमच्या परिचितांचा नायकहि त्याच जातीचा. पिस्तूल झाडण्यापेक्षां विचार करण्यांत त्याचा अधिक वेळ जातो.

पालकांची हरकत अशी कीं, हेर खोटें बोलतो आणि मुलें त्याच्यावर लुब्ध होतात. हरकत रास्त आहे. यरीहोंत राहाबेनें दोन हेरांस धाब्यावरील ताटांखालीं लपविलें व राजाच्या माणसांस भलतीच वाट दाखविली, हा भाग शिकवितांना कोणी तरी मुलगा हाच प्रश्न विचारतो, आणि आम्हांस घाम फुटतो. या कथेंत नायक आपल्या घरमालकिणीस फसवितो, आणि ती म्हातारी त्याच्यासाठीं ताट झांकून ठेवते. तें त्याच्यानें उघडवत नाहीं. लबाडीची किंमत आमच्या व्याख्यानांतून मुलांस इतकी कधीं कळली असेल, असें वाटत नाहीं.

शेवट मात्र घाईचा आहे. दोन प्रकरणांत तीन माणसें मरतात, आणि एकासाठींहि कोणी रडत नाहीं. हें आम्हीं लेखकांस समक्ष सांगितलें. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पहिल्याच्या आईचें एक पान होतें. लांबण लागते म्हणून मींच काढून टाकलें.”

दुसऱ्या आवृत्तींत तें पान परत घालावें, असा आमचा आग्रह आहे. तोंपर्यंत एक प्रत शाळेच्या कपाटांत ठेविली आहे. वरच्या दोन वर्गांतील मुलांनीं ती मागून न्यावी. त्यांच्याआधीं पालकांनीं वाचली तरी आमची तक्रार नाहीं.