कांद्यावरची काजळी

माहीमहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर निफाड तालुक्यात. भावाने मे महिन्यात धाडलेले कांद्याचे पोते त्यांनी पावसाळ्यात उघडले, तर निम्म्या कांद्यांवर काजळ फासल्यासारखे काळे डाग. शेजारीण म्हणाली, २०२१ साली लोकांचे डोळे गेले तो ‘ब्लॅक फंगस’ हाच. सासूबाई म्हणतात, पोते कचऱ्यात द्या. भावाच्या चाळीत अजून बराच कांदा आहे, त्याला काय कळवू, असे ताई विचारतात.

ताई, पोते फेकू नका. २०२१ च्या मे महिन्यात असाच संदेश गावोगावच्या मोबाइलवर फिरला होता आणि तो चुकीचा होता. तो आजार म्युकर वर्गातील बुरशीचा. कोरोना होऊन गेलेले, रक्तातील साखर आटोक्यात नसलेले, स्टेरॉइडची औषधे घेतलेले रोगी त्यात प्रामुख्याने सापडले. त्याला ‘काळी’ म्हणाले ते बुरशीच्या रंगावरून नव्हे. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पोचेनासे होते आणि मेलेला भाग काळा पडतो. कांद्यावरची बुरशी मात्र खरोखरच काळी आहे, आणि तिचे कूळ वेगळे.

तिचे नाव ॲस्परजिलस नायजर. नायजर म्हणजे काळी. पहिला शब्द समजायला ताईंना लांब जायला नको. माहीमच्या सेंट मायकल चर्चसारख्या कॅथलिक चर्चमध्ये पाद्री पवित्र पाणी शिंपडतात, त्या गोल डोक्याच्या दांडीला लॅटिनमध्ये ॲस्परजिलम म्हणतात. मिकेली नावाचा एक इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने भिंगाखाली ही बुरशी पाहिली, तेव्हा उभी दांडी, वर गोल डोके आणि त्यावर बीजकणांच्या माळा दिसल्या. १७२९ साली त्याने हे नाव दिले. बोटाला लागते ती काळी पूड म्हणजे हेच बीजकण. ते मातीत असतात, हवेत असतात, बियाण्याबरोबरही येतात. तीस अंशांच्या आसपासची ऊब आणि सालीवर काही तास टिकलेली ओल मिळाली की ते रुजतात. आपल्याकडचा पावसाळा त्यांना अगदी मानवतो. भुईमुगाची कोवळी रोपे जमिनीलगत कुजून माना टाकतात, त्यातही पुष्कळदा हिचाच हात असतो.

आता दुसरी बाजू. सरबतात, जॅममध्ये, ढोकळ्यात आपण लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घालतो. पूर्वी ते लिंबाच्या रसातून काढत आणि इटलीचा त्यावर मोठा व्यापार चाले. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले की साखरेच्या पाण्यात ही काळी बुरशी वाढवली तर ती भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. दोन वर्षांत कारखाना उभा राहिला. आज जगातले बहुतेक लिंबूसत्त्व साखर किंवा मळीवर वाढवलेल्या याच बुरशीकडून येते. बुरशी गाळून टाकतात, आम्ल शुद्ध करतात. फळांचा रस नितळ करणारे एन्झाइम तीच देते. कोंबडीखाद्यात घालतात ते फायटेजही तिच्याकडून मिळते, त्यामुळे धान्यात अडकलेला स्फुरद कोंबडीच्या अंगी लागतो. मात्र कारखान्यात वाढवतात तो निवडून, तपासून घेतलेला वाण. पोत्यातल्या बुरशीला तो दाखला लावू नये.

कारण तिचे काही वाण ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार करतात. द्राक्षे आणि बेदाण्यावर त्याचा धोका अधिक, म्हणून बुरसटलेला बेदाणा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दमेकऱ्याला या काळ्या धुळीने धाप लागते. शरीराची प्रतिकारशक्ती फार खालावली असेल तर ती फुप्फुसातही वाढू शकते. पण सर्वांत जास्त त्रास देते ती कानात. दमट हवेत कान ओला राहिला, काडीने कोरला, वर तेल सोडले की तिचे फावते. कानाला कंड सुटते, दडा बसतो. डॉक्टर तपासतात तेव्हा ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखा मळ आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. बाळाच्या कानात तेल घालणाऱ्या आज्यांनी याचा जरूर विचार करावा.

तेव्हा पोते असे निवडा. गच्चीत किंवा खिडकीशी, नाकाला फडके बांधून. कोरडे झटकू नका, पूड घरभर उडेल. काजळी फक्त वरच्या सालीवर असेल तर एक-दोन पापुद्रे काढा, नळाखाली धुवा आणि खुशाल वापरा. आतला पापुद्रा मऊ, पाणचट किंवा काळा असेल तर तो कांदा टाका. घरात दमेकरी असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. उरलेला कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, टोपलीत पसरून ठेवा.

‘साल काढून खा’ हा नियम कांद्यापुरता. शेंगदाणा आणि मका यांना तो लावू नका. त्यांवर येणारी पिवळसर हिरवी बुरशी हिचीच चुलत बहीण. तिचे अफ्लाटॉक्सिन दाण्याच्या आत उतरते आणि शिजवून, भाजून जात नाही. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात असा मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. बुरसटलेला दाणा कुटातही नको आणि गुरांपुढेही नको. गाईने खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो.

भावाला एवढे कळवा. चाळीतला डागी माल आधी निवडून विका. पुढच्या उन्हाळी कांद्याला काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा आणि शेवटी शेवटी युरिया देऊ नका. काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवा, मग इंच-दीड इंच नाळ ठेवून पात कापा आणि पंधरवडाभर सावलीत राहू द्या. नाळ ओली राहिली की बुरशी तिथूनच शिरते. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला हवा आणि थर चार-पाच फुटांवर नको. पावसाची झड आत येणार नाही पण वारा अडणार नाही, असे पडदे बांधा. वारा आहे म्हणून चाळ उघडी टाकणारे आणि झड येते म्हणून ताडपत्रीने चारी बाजू बंद करणारे, दोघांचाही कांदा काळा पडलेला मी पाहिला आहे.