हातांचा साक्षीदार कोण?

काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून निदान दोनदा एक वाक्य ऐकून घ्यावे लागते. पुण्यामुंबईहून आलेला पाहुणा गंगास्नान, विश्वनाथ आणि कचौडी-जिलबी यथासांग आटोपून आमच्या ओसरीवर टेकला, की संगीताचा विषय निघतो, आणि मग पान जमवता जमवता तो म्हणतो, “बाकी तुमच्या बनारसच्या तबल्यात आवाज फार हो!” पाहुण्याला उत्तर देऊ नये असा आमच्या घरचा शिरस्ता असल्यामुळे आजवर आम्ही गप्प राहिलो. परंतु कागदावर पाहुणचाराचे बंधन नाही. म्हणून साचलेले सगळे उत्तर येथे देऊन टाकतो.

पाहुण्याचा कान वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तो एका विशिष्ट मुशीत घडलेला आहे. अहमदजान थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवीत होते, आणि त्या ऋणानुबंधातून मराठी श्रोत्याच्या मनात तबल्याची एक मूर्ती कायमची बसली: पेशकाराने हलकेच दार उघडावे, कायद्याने एकेक दालन दाखवावे, बोल मोत्यासारखे सुटे पडावेत. ही मूर्ती सुंदर आहे याविषयी वाद नाही. पण तेवढीच मूर्ती देवाची आणि बाकीचे सगळे दगड, ही समजूत मात्र अडाणीपणाची आहे. बनारसचा वादक पेशकाराने आरंभ करीत नाही, उठानाने करतो. त्याच्या हातात पखवाजाची खुली थाप आहे, कारण त्याला ध्रुपदालाही साथ करायची असते, कथकाच्या पायांशीही बोलायचे असते आणि घटकाभराने ठुमरीच्या शेवटी लग्गीही रंगवायची असते. अनामिका वाकवून शाईच्या अंगाने काढलेला त्याचा ‘ना’ दिल्लीच्या किनारीवरच्या ‘ना’पेक्षा निराळा घुमतो. याला ‘आवाज’ म्हणणे म्हणजे भीमसेनी कापराला नुसता ‘वास’ म्हणण्यासारखे आहे. ज्याच्या हातात पखवाज असतो त्याला खुलेपणाचे वावडे नसते, हे वाईकडच्या नाना पानशांच्या वारसांना तरी सांगावे लागू नये. हे नाना काशीच्या जोधसिंगांकडे शिकले आणि पुढे इंदुरात त्यांनी आपली परंपरा उभी केली, असे ती परंपराच सांगते.

इतके बोलून आम्ही थांबलो असतो, तर कबीरचौऱ्यातील आमच्या स्नेह्यांनी आमच्या गळ्यात हार घातला असता. पण आमची खरी तक्रार पाहुण्याविरुद्ध नाही, घरच्यांविरुद्ध आहे. बनारसच्या तबल्याची जी आठवण आपण सांभाळतो, ती बव्हंशी बाजारू आणि काही ठिकाणी उघड खोटी आहे.

घराण्याचे आद्य पुरुष पंडित रामसहाय यांचीच कथा घ्या. लखनौच्या मोदूखाँसाहेबांकडे बारा वर्षे विद्या घेतल्यावर त्यांनी नवाबाच्या दरबारात सात रात्री सलग तबला वाजविला आणि एकदाही बोलाची पुनरुक्ती केली नाही, असे सांगतात. नवाब कोण, तर वाजिद अली शाह! सांगणारा हे डोळे मिटून सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. रामसहायांचा काळ १७८० ते १८२६ असा त्यांचेच चाहते देतात. वाजिद अली जन्मला १८२२ साली आणि गादीवर बसला १८४७ साली. म्हणजे रामसहाय निवर्तले तेव्हा हा रसिक नवाब चार वर्षांचा होता. हे लक्षात आणून दिले, की सांगणारा बेधडक दुसऱ्या नवाबाचे नाव घालतो आणि कथा पुढे चालू! सात रात्री मात्र कमी होत नाहीत. त्या सात रात्रींत काय वाजले, कोणती गत, कोणते परण, कोणत्या बोलावर सभा स्तब्ध झाली, याविषयी मात्र एक अक्षर नाही.

हीच खोड पुढेही सुटलेली नाही. कंठे महाराजांसारखा मोठा वादक. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने तबल्यासाठी त्यांचा गौरव केला. त्यांच्याविषयी हमखास काय सांगतात? तर १९५४ साली त्यांनी सलग अडीच तास एकल वादन करून जागतिक विक्रम केला. विक्रम! अहो, अडीच तास तर आमचा शेजारी भिंतीत खिळेही ठोकतो. गोव्याच्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचीही तीच गत आम्ही मराठी लोकांनी केली. हातापायांवर निरनिराळे ताल धरण्याचे त्यांचे सामर्थ्य आपण जत्रेतल्या नवलाईसारखे सांगतो. त्या माणसाला लयीत काय दिसत होते याची पृच्छा कोणी करीत नाही. तास, मात्रा, वेग आणि टाळ्या एवढीच आपल्या स्मरणाची चार खाती आहेत. संगीत पाचव्या खात्यात असते आणि ते कोरेच राहते.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १६ जानेवारी १९३८ रोजी बेनी गुडमन यांच्या जॅझ वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्यात जीन क्रूपा ड्रम वाजवीत होते. अखेरीच्या लांबलचक रचनेत त्यांनी जो धुमाकूळ घातला त्याची कीर्ती आजही टिकून आहे. परंतु त्याच रचनेच्या शेवटी शेवटी, ठरलेले नसताना, पियानोवादक जेस स्टेसी यांना वाव मिळाला आणि त्यांनी दोनेक मिनिटे असे काही हळुवार वाजविले, की जाणकार त्या रात्रीचा कळस तोच मानतात. त्या दोन मिनिटांत क्रूपा काय करीत होते? अगदी दबक्या हाताने लय धरून बसले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर ठेका देत होते. १९५० साली त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण तबकड्यांवर आले म्हणून हे कळते तरी.

पण ध्वनिमुद्रणावरही विसंबू नये. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदातील पॉल गोन्साल्व्हिस यांनी सॅक्सोफोनवर सत्तावीस आवर्तनांचा विस्तार केला आणि सभा उठून नाचू लागली. मंचाच्या काठाशी जो जोन्स हे थोर ड्रमवादक बसले होते. कार्यक्रम त्यांचा नव्हता, ड्रमवर दुसराच वादक होता. पण ते हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी आपटीत सगळ्या वृंदाला लय पुरवीत होते. आता गंमत पाहा. त्याच वर्षी त्या रात्रीची म्हणून जी तबकडी निघाली, तिचा पुष्कळसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर श्रोत्यांचा गलका चढवून सिद्ध केलेला होता. गोन्साल्व्हिस भलत्याच ध्वनिग्राहकापुढे, म्हणजे नभोवाणीच्या, उभे राहिले होते. ते दुसरे मुद्रण सापडून खरी रात्र लोकांपुढे यायला १९९९ साल उजाडले. त्रेचाळीस वर्षे खरी साक्ष तबकडीपाशी नव्हती. जे तेथे हजर होते त्यांच्यापाशी होती.

म्हणूनच आम्हांला श्रोत्याचा राग येतो. वादकाने त्याचे काम केले. साक्ष देण्याचे काम आपले होते.

संकटमोचन मंदिरात १९२३ पासून हनुमानजयंतीच्या सुमारास रात्र रात्र गाणेबजावणे चालते. कलावंत येथे बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावण्यासाठी येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका उत्तररात्री, विलंबित ख्याल चालू असता, वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला. गाणारा क्षणभर अडखळला. तबलजी अडखळला नाही. नाव न छापलेला, कबीरचौऱ्यातला मध्यम वयाचा साधा वादक होता तो. त्या अंधारात प्रथमच आम्हांला डग्ग्याचा खरा स्वर ऐकू आला: थापेनंतर तळहाताच्या मनगटाकडच्या दाबाने तो कसा वर सरकतो, समेपूर्वी कसा मागे रेलतो. एकतालाची प्रत्येक मात्रा अंगणातल्या फरशीसारखी जागच्या जागी होती आणि गाणारा तिच्यावर निर्धास्त पाऊल टाकीत होता. तीनचार मिनिटेच हे चालले असेल. वीज आली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विजेसाठी होता. पुढे द्रुतात गायक आणि तबलजी यांची झटापट सुरू होताच शेकडो हात भ्रमणध्वनी उंचावून चित्रण करू लागले. ती झटापट आता जगभर पाहावयास मिळते. त्या अंधाराचे मुद्रण कोणापाशीच नाही.

सवाल-जवाब नावाच्या प्रकाराविषयी आम्ही हात राखून बोलणार नाही. तो मुळात खेळ होता. आज तो कार्यक्रमाचा कणा झाला आहे. सतारियाने चार स्वर फेकावे, तबलजीने तेच बोल परत फेकावे, आणि आपण लहान मुलांप्रमाणे टाळ्या पिटाव्या! कोणी म्हणेल, टाळी कलावंतालाही हवी असते. असते, कबूल. किशन महाराज गुडघे मोडून, कपाळी टिळा लावून बसले, की त्यांच्या लयीच्या गणिताला दाद मागण्याचा अधिकारच होता. पण गणिताला दाद द्यायची तर मोजावे लागते, मोजायचे तर ठेका ऐकावा लागतो. न मोजता पिटलेली टाळी ही दाद नव्हे, ती सुटकेची खूण आहे.

आणि आता मराठी साहित्यिकांकडे वळतो. गवयांवर मराठीत जेवढे मार्मिक लेखन झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या भारतीय भाषेत झाले असेल, असे आम्ही अभिमानाने मानतो. गोविंदराव टेंब्यांनी लिहिले, देवधरांनी लिहिले, वामनराव देशपांड्यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्यांचे सौंदर्यशास्त्रच मांडले. घरंदाज हातांविषयी तसा ग्रंथ कोठे आहे? तबल्याच्या बोलांची, कायद्यांची पुस्तके आहेत, आणि ती उपयुक्त आहेत. परंतु अमुक रात्री, अमुक सभेत, अमुक वादकाने लय कशी वागवली याचे ललित आणि जबाबदार वर्णन शोधू गेल्यास हाती ओळ-दोन ओळी लागतात: ‘तबल्याच्या साथीनेही रंगत आणली.’ रंगत! येथील एका मराठी संस्थेच्या निमंत्रणपत्रिकेवर अलीकडे गायकाचे नाव ठळक होते, संवादिनीवाल्याचे बारीक होते, देणगीदारांची अकरा नावे होती आणि तबलजीच्या जागी ‘तबला : स्थानिक’ एवढेच होते. काशीत स्थानिक!

ज्या सामताप्रसादांना सारे गुदई महाराज म्हणत, त्यांचा तबला शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये १९५५ साली मराठी श्रोत्याने ऐकला. पुढे ‘शोले’तल्या टांग्यामागे तो साऱ्या देशाने ऐकला, बहुतेकांनी नाव न विचारता. हा बनारसी वादक १९९४ च्या मे महिन्याच्या अखेरीस वारला तो पुण्यात. तेथल्या तबलजींना शिकविण्यासाठी गेला असता. ‘आवाज फार’ म्हणणाऱ्या पाहुण्याने घरी परतल्यावर आपल्याच गावात याची चौकशी करावी. त्या कार्यशाळेला बसलेली माणसे आज साठीच्या आसपास असतील. त्यांना विचारावे आणि लिहून घ्यावे.

आम्हीही आमच्यापुरता आरंभ केला आहे. अनोखेलाल मिश्र १९५८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ‘ना धिं धिं ना’ हा बालबोध ठेका अतिद्रुत लयीत वाजविण्याबद्दल त्यांची ख्याती. तेथेही लोक वेगच सांगतात. तो ठेका प्रत्यक्ष ऐकलेला माणूस आता पंच्याऐंशीच्या घरात असणार. आमच्या मराठी मोहल्ल्यात असे एक वृद्ध गृहस्थ आहेत. गेल्या सोमवारी वही घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. वेग किती होता असे आम्हीच, सवयीने, विचारून बसलो. ते हसले, आणि बाजेच्या लाकडावर एका बोटाने, अगदी संथ, तो ठेका वाजवू लागले. शेवटच्या ‘ना’वर बोट थोडे रेंगाळत होते. मागे कोण गात होते हे त्यांना आठवले, राग मात्र आठवेना. तो आठवला की निरोप पाठवतो म्हणाले. वहीत तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे.