झाडीपट्टीच्या एका पोस्टरवर तुमचं सॉफ्टवेअर तपासून बघा

प्रति,
ग्राफिक डिझाइनची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करणारी मंडळी

विषय : डिझाइनमधला मराठी मजकूर शेवटपर्यंत मजकूरच राहावा, याबाबत



गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर वडसा नावाचं स्टेशन आहे. गावाचं कागदोपत्री नाव देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. दिवाळी आली की इथे नाटक कंपन्यांच्या ऑफिसांसमोर मोठमोठे बोर्ड लागतात आणि गावोगावची मंडळं तारखा ठरवायला येतात. पुढे होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर नाटकं रंगतात. ही झाडीपट्टी रंगभूमी. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. इथे मात्र तिकिटाच्या रांगेत कोणाला ओळख करून द्यावी लागत नाही.

नाटक तिकिटावर चालतं आणि तिकीट पोस्टरवर. ते पोस्टर आमच्यासारख्या डीटीपीच्या दुकानांत तयार होतं. म्हणून हे पत्र. कोणत्याही एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुखणं थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच आहे.

आमच्या पोस्टरवर काय काय असतं ते आधी सांगतो. वर मंडळाचं नाव, मधोमध नाटकाचं नाव, तेही जाड, कड काढलेलं, सावली टाकलेलं आणि बहुतेक वेळा कमानीसारखं वाकवलेलं. खाली कलाकारांचे फोटो आणि प्रत्येकाखाली नाव. मग लेखक, दिग्दर्शक, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. तिकिटाचे दर, ‘रात्रौ’ची वेळ, स्थळ, सौजन्य. नाटक तेच, पण उद्या गाव वेगळं, परवा तिसरं. आज सिंदेवाहीकडे, उद्या कुरखेड्याला. म्हणजे डिझाइन एकदा करायचं आणि चार ओळी हंगामभर बदलत राहायच्या. संगणकाला याहून सोपं काम कोणतं द्यावं?

पण तेच होत नाही. झाडीपट्टीच्या पोस्टरवर ‘हसवणाऱ्या’ आणि ‘रडवणाऱ्या’ हे शब्द हमखास येतात. त्यातला ‘ऱ्य’ एका आवृत्तीत नीट दिसतो, दुसरीत तुटतो. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, पण जुन्या फॉन्टमध्ये तो नाही, म्हणून ‘ॲड.’ लिहिताना वकीलसाहेबांच्या नावाआधी रिकामा चौकोन येतो. अक्षरं नीट जोडणारं इंजिन काही सॉफ्टवेअरांत असतं, तरी ते परिच्छेदाच्या किंवा प्रेफरन्सेसच्या मेनूत अशा जागी ठेवलेलं असतं की सांगितल्याशिवाय सापडत नाही. सापडलं तरी ते फाईल बनवणाऱ्याच्या संगणकावर चालू असतं. छापणाऱ्याकडे तसंच असेल याचा भरवसा नाही. दुसरीकडे, गिऱ्हाईक ज्या साध्या फोनवरून मजकूर पाठवतं, त्यावर तोच शब्द अचूक दिसतो. अक्षरं जोडणारं हार्फबझ हे इंजिन अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्येही आहे, आणि ते फुकट आहे. स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरने १.५ च्या मालिकेत तेच घेतलं आणि देवनागरी ओळीवर आली. तेव्हा हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये.

आता कोणी विचारेल, अजून जुने फॉन्ट का धरून बसलात? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आहे ना. पण आमच्या धंद्याची घडी त्याआधीच्या आणि त्याच्या आसपासच्या फॉन्टांवर बसली. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. पडद्यावर ‘नाटक’ दिसतं, आत भलतंच काही साठवलेलं असतं. हे आम्हाला कळतं. तरी ते फॉन्ट सुटत नाहीत, कारण त्यांचं जोडाक्षर कधी तुटत नाही. ज्या रात्री शंभर पोस्टरं बाहेर पडायची असतात, त्या रात्री माणूस भरवशाच्या गोष्टीकडेच जातो.

यातून खरं नुकसान होतं ते नंतर. छापखान्यात काही बिघडू नये म्हणून फाईल देण्याआधी सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकतात. एकदा चित्र झालं की नटाच्या नावातली वेलांटीही सुधारता येत नाही, ओळ पुन्हा टाईप करावी लागते. आणि वर्षानुवर्षांच्या फाईली कपाटातल्या हार्डडिस्कवर पडून राहतात. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणतं नाटक झालं, ऑर्गनवर कोण होतं, स्त्रीची भूमिका कोणी केली, हे सगळं त्यांत लिहिलेलं आहे, पण शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. उद्या तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीने या रंगभूमीवर प्रबंध लिहायचं ठरवलं, तर तिला प्रत्येक पोस्टर डोळ्यांनी वाचत बसावं लागेल. जाहिरातीचा कागद म्हणून आपण जो टाकून देतो, तोच या नाटकांचा बहुतेक एकमेव लेखी पुरावा असतो.

म्हणून पहिली मागणी अशी. देवनागरी मजकूर चिकटवला की योग्य इंजिन आपोआप चालू व्हावं. जुन्या फॉन्टातला मजकूर उघडला की ‘हा युनिकोडमध्ये बदलू का?’ असं सॉफ्टवेअरनेच विचारावं आणि बदलावं. बाहेर असे कन्व्हर्टर कधीचे आहेत. ते तुमच्या ‘पेस्ट’मध्ये बसवायचे आहेत. आणि छापण्यासाठी कर्व्ह करावंच लागलं, तर मूळ मजकूर त्याच फाईलमध्ये, न छापणाऱ्या थरावर, राहू द्यावा.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुमची बहुतेक हत्यारं सुटी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. आमची अक्षरं एका रेषेला लटकतात. अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं की रेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मजकूर कमानीवर चढवला की प्रत्येक अक्षर आपापलं वळतं आणि शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. अक्षराला कड काढली की जिथे दोन अक्षरं मिळतात तिथे प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. कड भरणीच्या मागे सारून ती लपवता येते, पण नाटकाच्या नावाला तीन-तीन कडा असल्या की तीही युक्ती पुरत नाही. मग पुन्हा कर्व्ह करा, सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे एकाच आकारात सांधा, आणि मजकूर गेला. अंतर वाढलं तर शिरोरेषा लांबावी, कमानीवर ती वाकावी, कड काढताना शब्द हा एकच आकार धरावा. एवढं झालं तरी आमच्या पोस्टरांवरचा निम्मा मजकूर जिवंत राहील. मुंबईच्या नाटकांची नावं अक्षरकार कमल शेडगे हाताने रेखाटत. २०२० साली ते गेले. त्यांची ओळ संगणकाने काढावी असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या हातात ती कला नाही, त्याच्या हातून निदान शिरोरेषा तरी तुटू नये.

‘ल’ आणि ‘श’बद्दल थोडक्यात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात तसं सांगितलं आहे. अलीकडच्या चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि भाषा ‘मराठी’ निवडली की आपली रूपं येतात. पण भाषांच्या यादीत फक्त हिंदीच असेल तर निवडणार काय? यादीत मराठी घाला.

तिकडे दक्षिणेला, सिरोंच्याला, एकाच फ्लेक्सवर मराठी आणि तेलुगू येतात. भाषा सबंध फाईलला न लावता ओळीला लावता आली पाहिजे. गोंडीचं तर आणखी पुढचं. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. नोटो या फॉन्टमालिकेत मसराम गोंडीचा फॉन्ट फुकट मिळतो. तरी ग्रामसभेचा बॅनर गोंडी लिपीत करून मागितला, तर अक्षरं जुळतील की नाही हे छापून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. हे काम पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या आकड्यावर मोजू नका, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तुम्ही मोजणारच, म्हणून एवढंच सांगतो की ज्या इंजिनाने देवनागरी नीट होते, त्याच इंजिनाने हेही होतं.

परवान्याबद्दल स्पष्ट बोलतो. तालुक्याच्या दुकानांत सगळ्या प्रती विकत घेतलेल्या नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हालाही. ज्याला घ्यायची असते, त्याची अडचण वेगळी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि अशा दिवसांत नेट टिकेल याचा भरवसा नसतो. दर महिन्याला इंटरनेटवरून खात्री करून घेणारा परवाना तिथे नेमका अशा वेळी कुलूप लावतो. सलग चार-पाच महिने ऑफलाइन चालणारा परवाना देता येईल का? पैसे मोजणारे लोक इथे आहेत.

शेवटी एक साधी विनंती. तुमच्या चाचणीच्या फाईलींत ‘नमस्ते जग’सारखा एखादा निरुपद्रवी नमुना असेल. त्याच्या जागी झाडीपट्टीचं एक पूर्ण पोस्टर ठेवा : कमानीतलं नाव, तिहेरी कड, ‘णाऱ्या’ची दोन विशेषणं, वकीलसाहेबांचा ‘ॲड.’, वीस नटांची नावं आणि उद्या बदलायचं गाव. ते उघडा, गावाचं नाव बदला, पीडीएफ करा, आणि त्या पीडीएफमध्ये तेच नाव शोधून बघा. फाईल हवी असेल तर मागा, नटांची नावं बदलून पाठवतो. भाऊबीजेच्या आत उत्तर आलं तर बरं. नंतर आम्हाला फुरसत नसते.

आपला,
वडसा-देसाईगंजचा एक डीटीपीवाला