नैवेद्यापलीकडची आंबील
भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्यांचे आगमन होऊन ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांच्यापुढे पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील मांडली जाते, तेव्हा वाशीम, रिसोड, कारंजा या तालुक्यांतील घरोघरी जी तृप्ती नांदते, ती वर्षातील एकाच दिवसापुरती मुक्रर असावी, हा शिरस्ता मला मुळीच न्याय्य वाटत नाही. पुरणपोळीला निदान पोळा आणि होळी लाभतात. आंबील मात्र बहुतेक घरांत मूळ नक्षत्रावरील विसर्जनाबरोबरच निरोप घेते. वास्तविक ज्वारीचे पीठ रात्रभर ताकात आंबवून, सकाळी आले, मिरची व खोबऱ्याचे काप घालून, तळाला लागू न देता मंद आचेवर घोटीत राहिले, की हा दाट, आंबूस, पचनास हलका जिन्नस सिद्ध होतो; त्यास ना विशेष खर्च, ना यातायात. खरिपाची बहुतेक जमीन सोयाबीनने व्यापलेल्या या वाशीम जिल्ह्यात ज्वारी केवळ नैवेद्यापुरती उरू नये, असे मनापासून वाटते. प्रसादाची थोरवी तो वारंवार सेवन केल्याने उणावत नाही. म्हणून वैशाखाच्या तलखीत, एखाद्या साध्या वारीही, आंबिलीचे पातेले चुलीवर चढावे आणि त्यातली वाटीभर शेजारीही जावी.