तोंड कोरडं पडतं ते दरवेळी उन्हानंच नव्हे

मे महिन्यात नागपुरात तोंड कुणाचं कोरडं पडत नाही? म्हणूनच वस्तीतल्या आयाबहिणींची ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. भाकर घशाखाली उतरत नाही, घासागणिक पाणी लागतं, असं बाई सांगते. घरचे म्हणतात, ऊन आहे, वय झालं, खर्रा सोड. यातलं एखादं कारण खरंही असतं. पण थंडी पडली तरी जीभ टाळूला चिकटते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि असं रोजचं तीन महिन्यांवर चाललं असेल, तर दोष उन्हाला देऊन गप्प बसू नये. तपासणी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साखर तपासावी. मधुमेहात तोंड सुकतं. ॲलर्जीच्या, झोपेच्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही सुकतं. मिहानमध्ये पाळीत काम करणाऱ्या बहिणींचं आणखी एक कारण असू शकतं : कामावर संडासाची धड सोय नसेल तर बाई पाणीच कमी पिते. ही कारणं नेहमीची. ती नसतील, तर शोग्रेन नावाच्या आजाराचा विचार करायला हवा. तो फार जणांना होत नाही, पण होतो तो मुख्यतः बायकांना. एका पुरुषामागे सुमारे नऊ बायका, आणि बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान.

यात होतं काय, ते समजून घेऊ. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. ओठांच्या आणि गालांच्या आत शेकडो बारीक ग्रंथी वेगळ्याच. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात पांढऱ्या पेशींची फौज असते. या आजारात तीच फौज स्वतःच्या ग्रंथींना परकं समजते. लाळ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांभोवती या पेशी घोळका करून बसतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. त्रासलेल्या ग्रंथीही असे संदेश सोडतात की आणखी पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. म्हणून हा दाह आपोआप विझत नाही.

वस्तीतल्या नळाचं उदाहरण घ्या. नळाला पाणी नाही, म्हणजे टाकी फुटली असंच नसतं. कधी टाकी भरलेली असते, पण वॉल उघडत नाही. सुरुवातीला ग्रंथींचंही असंच होतं. लाळ बनवणाऱ्या पेशी बऱ्याच शिल्लक असतात, पण दाहामुळे मेंदूकडून आलेला ‘लाळ सोड’ हा निरोप त्या नीट घेत नाहीत. वर्षं गेली की त्या पेशीच नष्ट होतात आणि त्यांच्या जागी चरबी आणि निबर तंतू भरतात. तिथे पुन्हा लाळ बनवणारी पेशी उगवेल असं औषध आज तरी नाही. पायलोकार्पिनसारखी गोळी लाळ वाढवते, पण ती शिल्लक पेशींकडूनच. उशीर महागात पडतो तो इथे.

लाळ गेली की दात एकामागून एक किडतात, तेही हिरड्यांच्या कडेला. तोंडात बुरशी धरते, तिखटाची आग होते. मग बाई दातांच्या ओपीडीत जाऊन दात काढून येते. डोळ्यांच्या ओपीडीत थेंब मिळतात. सांधे दुखतात म्हणून हाडांच्या ओपीडीत गोळी मिळते. तीन रांगा, तीन चिठ्ठ्या, तीन दिवसांची बुडालेली मजुरी, आणि तिन्ही मिळून एकच आजार आहे हे कोणी सांगत नाही. माझा राग यावर आहे. हेन्रिक शोग्रेन हा स्वीडनचा डोळ्यांचा डॉक्टर होता. कोरड्या डोळ्यांच्या बायका तपासताना त्यानं त्यांच्या तोंडाकडे आणि सांध्यांकडेही पाहिलं आणि १९३३ साली १९ बायकांची नोंद प्रबंधात मांडली. नव्वद वर्षांपूर्वी जे एकाला दिसलं, ते आज दातांच्या खिडकीवर विचारायला खर्च कसला? ‘डोळे खुपतात का? सांधे दुखतात का?’ एवढे दोन प्रश्न केसपेपरवरच छापावेत. आशाताईंच्या यादीतही असावेत.

मिहानसाठी शिवणगाव, खापरीकडच्या लोकांच्या जमिनी गेल्या. त्याच मिहानात आता एम्स उभं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. दात, डोळे आणि मेडिसिन हे तिन्ही विभाग तिथे एकाच आवारात आहेत. मेडिकलला जाणाऱ्यांना शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत न्यावीत, आणि तोंड, डोळे, सांधे हे तिन्ही एकाच डॉक्टरला एकाच दमात सांगावं.

तपासण्या भीतीच्या नाहीत. पापणीत कागदाची पट्टी ठेवतात. पाच मिनिटांत ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर डोळा कोरडा. रक्तात अँटी-रो नावाची प्रतिपिंडं पाहतात. गरज पडली तर जागा बधिर करून खालच्या ओठाच्या आतून चार-दोन बारीक ग्रंथी काढतात आणि पांढऱ्या पेशींचे घोळके दुर्बिणीखाली मोजतात.

लाळ यावी म्हणून सुपारी, खर्रा किंवा साखरेची गोळी चघळू नये. त्यानं तोंड आणखी बिघडतं. पाण्याचे घोट घ्यावेत आणि फ्लोराइडच्या पेस्टनं दोनदा दात घासावेत. आजाराचं निदान झालेल्या बाईच्या कानापुढची गाठ आठवड्यांमागून आठवडे उतरत नसेल, तर ताबडतोब दाखवावी; काहींमध्ये पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. आणि अँटी-रो असलेल्या सुनेला दिवस गेले, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते सांगावं, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर वेळेत लक्ष ठेवता येतं.